उल्हासच्या खोऱ्यातले सायकलचे रस्ते: एका निवृत्त रस्तेवाल्याचा अभिप्राय

नेरळला उतरायचं, कळंब आणि कशेळे करत कर्जतला यायचं आणि परतीची लोकल पकडायची. साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरचा हा फेरा मुंबईत राहणाऱ्या सायकलवाल्याला मिळण्यासारखा सगळ्यात चांगला रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे. ठाम अशासाठी की मी नोकरीभर रस्तेच केले. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत खडी, डांबर, मोऱ्या आणि पूल हेच माझं काम होतं. राहतो मुलुंडला. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली, ती चालवता चालवता जुनी सवय जागी झाली आणि रस्ता दिसला की तो तपासायला लागलो. म्हणून हा अभिप्राय निसर्गसौंदर्यापेक्षा रस्त्याविषयी जास्त आहे. तसा कुणी लिहिलेला मला सापडला नाही.

आधी खोऱ्याची मांडणी. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जतपाशी सपाटीला लागते आणि नेरळ, वांगणी, बदलापूर करत उत्तरेला कल्याणकडे जाते. पश्चिमेला माथेरान, पेब, चंदेरी ही रांग. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत: ढाक, कोथळीगड, पदरगड, भीमाशंकरचं पठार, पलीकडे सिद्धगड, गोरखगड. या दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात भातशेती, आणि पूर्वेकडून येणाऱ्या पेज, चिल्लार, पोश्री या नद्या. रेल्वे नदीच्या पश्चिमेला. कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ १८५६ मध्ये पोचले, म्हणजे या खोऱ्याचा पश्चिम काठ तेव्हापासून मुंबईला जोडलेला आहे. कल्याण-बदलापूर-कर्जत हा मोठा रस्ताही त्याच काठाने जातो. डंपर, रिक्षा, नव्या इमारतींची रेडीमिक्सची गाडी, सगळं त्याच्यावर. तो सायकलसाठी मी सरळ नापास करतो. बदलापूरहून सायकल चालवत नेरळला जाण्यात काही कमाई नाही, लोकलनेच जा. सायकलचा रस्ता नदी ओलांडल्यावर सुरू होतो.

नदी ओलांडायची ती नेरळहून कळंबकडे जाताना दहिवलीच्या पुलावरून. (दोन दहिवली आहेत, गोंधळ करू नका. एक ही नेरळजवळची, दुसरी कर्जत शहरातली.) स्टेशनबाहेरच्या गर्दीतून आणि वसाहतींतून सुटलात की हवा बदलते. पूल सखल आहे. जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो, आणि पलीकडच्या गावांचा नेरळशी संपर्क तुटल्याची बातमी येते. आमच्या भाषेत याला बुडित पूल म्हणतात. पूर वरून जाऊ द्यायचा आणि पाणी उतरलं की वाहतूक सुरू करायची, असा हिशेब धरूनच तो बांधलेला असतो. त्या काळच्या पैशात आणि त्या काळच्या वाहतुकीला तो बरोबर होता.

या खोऱ्याचे रस्ते समजून घ्यायचे तर हे सखल पूल आणि फरशा (ओहोळाच्या तळाशी केलेला, पाणी वरून जाऊ देणारा पक्का रस्ता) समजून घ्याव्या लागतात. नकाशावर खोरं सपाट दिसतं, म्हणून मुंबईचे सायकलवाले चढ नाही असं धरून येतात आणि कशेळ्याला पोचेपर्यंत पाय भरून येतात. कारण असं. सह्याद्रीच्या भिंतीवरून दर थोड्या अंतरावर एक ओहोळ खाली येतो आणि मुख्य नदीला मिळतो. रेल्वेने भराव टाकून आणि उंच पूल बांधून ते सगळे एका पातळीत ओलांडले. गावच्या रस्त्याला तेवढा पैसा कधीच नव्हता. तो प्रत्येक ओहोळापाशी खाली उतरतो, फरशीवरून किंवा बुटक्या मोरीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा वर चढतो. चढ एकेक मोजला तर लहान, घाटाच्या मानाने काहीच नाही. पण ते संपत नाहीत. चांगला गिअर टाकून उतारावर वेग घ्यावा आणि त्याच वेगात समोरचा चढ अर्धा मारावा असं वाटतं, तर नेमकी मोरीवर खडी साचलेली असते. तिथे ब्रेक लावावाच लागतो. उताराच्या तळाशी वळण असेल तर वेग आधीच कमी करा. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी आणि रेती कायम त्याच जागी असते, कारण पाणी तिथेच रस्ता ओलांडतं.

आता रस्त्याचा पोत. दहिवली ते कळंब हा भाग डांबरी आहे आणि माझ्या मते या फेऱ्यातला सगळ्यात गोड तुकडा. खरी मजा मात्र मुख्य रस्ता सोडून वाड्यांकडे जाणाऱ्या एकपदरी रस्त्यांवर आहे. ग्राम सडक योजनेतल्या रस्त्यांची रुंदी पावणेचार मीटर, कमी वर्दळ असेल तिथे तीन मीटर. दोन चारचाकी समोरासमोर आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावं लागतं. या एका गोष्टीमुळे गाड्या आपोआप सावकाश चालतात. वीस मिलिमीटरचा कार्पेट, म्हणजे खडी-डांबराचा थर, आणि वर सील कोट, म्हणजे तो बंद करणारा पातळ लेप, एवढंच असतं. नवा असताना टायर नुसता वाहत जातो. दोन पावसाळे गेले की सील कोट उडतो आणि खडीचे दात वर येतात. तेव्हा हँडल धरलेल्या हातांना झिणझिण्या येतात. तेवीस-पंचवीस मिलिमीटरचे रेसिंगचे टायर घेऊन या खोऱ्यात येऊ नका. मी बत्तीसचे वापरतो आणि हवेचा दाब साठ पीएसआयच्या (पंपावरच्या काट्याचं माप) आसपास ठेवतो. मुंबईत शंभरपर्यंत हवा भरून फिरणारी तरुण मुलं मला भेटतात, त्यांना मी हेच सांगतो. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतो, आणि त्या उड्यांत तुमची ताकद वाया जाते.

कळंबला बाजार आहे. उसळपाव, वडे, चहा, केळी, बाटलीबंद पाणी सगळं मिळतं. तिथे पंधरा मिनिटं थांबायला हरकत नाही, पण पोटभर खाऊ नका, जेवायचं पुढे आहे.

कळंबनंतर मात्र चित्र बदलतं, आणि इथे मला तक्रार करायची आहे. कर्जत-मुरबाड रस्ता आता राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली असा तो जातो. काम रुंद आहे, पूल उंच झाले, वळणं सरळ झाली. पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला पावसात दवाखान्यात पोचता येणार असेल तर तो रस्ता व्हायलाच हवा होता. मी स्वतः अशा गावांत काम केलं आहे, आठ-आठ दिवस पूर उतरायची वाट पाहणारी माणसं पाहिली आहेत, त्यामुळे जुना शांत रस्ता गेला म्हणून हळहळण्याचा सायकलवाल्याला फारसा अधिकार आहे असं मला वाटत नाही. तक्रार कामाच्या दर्जाविषयी आहे. काँक्रीटची लादी आणि बाजूची साइडपट्टी यांच्यात कित्येक ठिकाणी वीतभर फरक सोडलेला आहे. चारचाकीवाल्याच्या तो लक्षातही येत नाही. पण मागून ट्रक हॉर्न देत आला आणि सायकलवाला घाबरून बाजूला उतरला तर पुढचं चाक त्या कडेवरून खाली जातं, आणि परत वर येताना कडेलाच घासून माणूस आडवा होतो. तोही रस्त्याच्या दिशेने. माझ्यासोबत आलेला एक शेजारी असाच पडला. खांदा सुजला, थोडक्यात वाचला. साइडपट्टी मुरमाने भरून, पाणी मारून, रोलर फिरवून लादीच्या पातळीला आणणं हे निविदेतलंच काम असतं. ज्यांनी ते केलं नाही आणि ज्यांनी न करता मोजमाप पुस्तकात लिहून घेतलं, दोघांनी एकदा या कडेने सायकल चालवून बघावी.

काँक्रीटविषयी आणखी एक. लादीत साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी वीस-बावीस किलोमीटरने चाललात तर सेकंदाला एकापेक्षा जास्त ठोका बसतो, सतत, किलोमीटरमागून किलोमीटर. सांध्यांत डांबरी मसाला नीट भरलेला असेल तर जाणवत नाही. नसेल तर कमरेला कळतं. म्हणून कळंब ते कशेळे हा टप्पा मी सकाळी आठच्या आत उरकतो. ट्रक तेव्हा कमी असतात आणि सूर्य अजून सह्याद्रीच्या मागून नुकता वर आलेला असतो.

डोंगर बघायचे तर हाच टप्पा. कोथळीगडाचा सुळका कशेळ्याच्या बाजूने असा दिसतो की त्याच्याकडे बघत बघत गाडीखाली याल, तेव्हा थांबून बघा. त्या सुळक्याच्या पोटातून कातळात कोरलेला जिना वर जातो. कशेळ्याहून जांबरुखमार्गे आंबिवलीला, म्हणजे गडाच्या पायथ्याला जाणारा रस्ता आणि कशेळ्याहून खांडसकडे जाणारा रस्ता, हे दोन फाटे ज्यांच्या पायांत जोर शिल्लक असेल त्यांनी जरूर करावेत. खांडस म्हणजे भीमाशंकरच्या शिडी घाटाचा आणि गणेश घाटाचा पायथा. सुमारे पंधराएक किलोमीटर आत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, कारण पुढे सायकलला वाट नाही. समोर भिंत आहे. म्हणूनच त्या रस्त्यावर पलीकडे जाणारं वाहन नसतं. एसटी, वडापच्या जीप, ट्रॅक्टर, शाळेत निघालेली पोरं आणि शनिवार-रविवारचे ट्रेकर एवढीच वर्दळ. पोरं हात पुढे करतात, आपणही हात पुढे करून टाळी द्यायची असते. सायकल एका हाताने सांभाळता येत असेल तरच.

जानेवारी-फेब्रुवारीत इथे पळस आणि काटेसावर फुलते. मार्चनंतर शेतांत राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा टाकून जमीन जाळायला घेतात, सकाळी सगळ्या खोऱ्यात धुराचा पट्टा आडवा पडलेला असतो, तेव्हा दम्याच्या माणसाने येऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दोन डोंगररांगांच्या मध्ये वारा अडकतो. करवंदं आणि जांभळं तेव्हाच येतात हे खरं, पण उन्हाळ्यात हा फेरा करायचा तर दहाच्या आत कर्जत गाठा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला आलेलं असतं आणि रस्त्याच्या कडेला पेंढ्याचा वास येतो.

पावसाळ्याचं वेगळं लिहायला हवं, कारण मुंबईचे लोक नेमके तेव्हाच येतात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा पट्टा आहे. डोंगरावरून शेकडो धबधबे उतरतात, खाचरं भरतात, लावणी चालू असते, दिसतं सगळं सुंदर. पण शनिवार-रविवार धबधब्यांकडे जाणाऱ्या गाड्यांनी हेच अरुंद रस्ते तुंबतात आणि परत येणारे काही चालक शुद्धीवर नसतात. त्यातच ट्रॅक्टरच्या चाकांनी खाचरातला चिखल रस्त्यावर येतो. ओल्या डांबरावर चिकण मातीचा पातळ थर म्हणजे तेल सांडल्यासारखंच. पावसात यायचं तर मधल्या वारी या, आणि फरशीवरून पाणी चाललं असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी उतरू नका. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. जिथे रेल्वेचा भराव पुरला नाही तिथे सायकलच्या दोन चाकांनी काय करायचं?

कशेळ्याच्या पुढे एका घराच्या पडवीत जेवण मिळतं. पाटी नाही, नाव नाही. चार बाकडी आणि हात धुवायला रांजण. आदल्या दिवशी फोन केला तर हमखास, नाहीतर घरात असेल ते. मी या खोऱ्यात जे जे खाल्लं त्यात याला पहिला नंबर देतो. थाळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुका जवळा, मिरचीचा ठेचा, भात आणि कढी. पावसाच्या सुरुवातीला गेलात तर शेवळाची भाजी. भाकरी कशी करतात ते चुलीपाशी बसून बघण्यासारखं आहे. उकळत्या पाण्यात काढलेली उकड परातीत तळहाताच्या टाचेने मळून मळून घ्यायची, गोळा दोन्ही हातांवर पाणी लावून थापत थापत वाढवायचा, तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, आणि तो ओलावा उडायच्या क्षणी उलटायची. एक क्षण उशीर झाला की चिरते. निखाऱ्याला लावली की टम्म फुगते आणि दोन पापुद्रे सुटे होतात. त्यात बिरडं भरून तसंच खायचं. घरच्या वहिनी माझी बाटली बघून म्हणाल्या, “काका, पाणी हितंच भरून घ्या, म्होरं कर्जतपातुर गार पाणी नाय.” तसं पुढे दुकानं आहेत, पण माठातलं पाणी नाही हे खरं. दर वाजवी आहे, आणि मागितलं तर भाकरी बांधूनही देतात. उणीव एकच: जेवून उठल्यावर सायकलवर बसायची इच्छा राहत नाही, त्यामुळे अर्धा तास आडवं होण्याची वेळ हिशेबात धरा. पडवीत चटई मिळते.

कशेळे ते कर्जत या पट्ट्यात पेज नदी साथीला असते. एप्रिलमध्ये आजूबाजूचे ओहोळ कोरडे ठणठणीत असताना पेजेला पाणी कसं, असा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्याला पडतो. ते पाणी मूळचं या खोऱ्यातलं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आंद्रा नदी अडवून ठोकरवाडीचं धरण बांधलं, तिथून पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली आणून भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात वीज होते, आणि वीज करून सुटलेलं पाणी पेजेत येतं, तिथून उल्हासात. हे केंद्र १९२२ चं. एरवी आंद्रेचं पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरात गेलं असतं. शंभर वर्षांवर झाली, ते डोंगर ओलांडून पश्चिमेला वाहतंय, आणि त्याच्यावर वाटेतली शेती होते, खाली बदलापूर-कल्याणकडची तहान भागते. मुंबईचे दिवे आधी आणि नळ नंतर, असा त्या पाण्याचा प्रवास. एक सूचना यातूनच निघते. विजेची मागणी वाढली की केंद्रातून पाणी जास्त सुटतं आणि पेजेची पातळी बघता बघता वर येते. आकाशात ढग नसतानाही. घाम आला म्हणून पात्रात उतरू नका, काठावर बसून पाय बुडवायचे असतील तरी सायकल वर ठेवा आणि नजर वरच्या अंगाला ठेवा. गावातल्या कुणाला विचारलंत तर कुठे बसायचं ते सांगतात.

कर्जतला चार फाट्यावरून श्रीराम पूल ओलांडून स्टेशनाकडे यायचं. शेवटचे दोन किलोमीटर गर्दीचे, तिथे सायकल सावकाश काढा. स्टेशनावर दिवाडकरांचा वडापाव घ्यायचा की नाही याची चर्चाच नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं लागतात, तोवर लोक वडा खातात, ही पूर्वापार रीत. शंभर किलोमीटरवरच्या मुंबईची लोकल त्याच स्टेशनातून सुटते, म्हणजे परतीची चिंता नाही.

लोकलचं म्हणाल तर सायकल लगेजच्या डब्यातून, लगेजचं तिकीट काढून. जाताना पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल घ्या. त्या वेळी दूध, भाजी, फुलं सगळी मुंबईच्या दिशेने चाललेली असतात, उलट दिशेचा लगेज डबा मोकळा मिळतो. परतताना दुपारची वेळ धरा, संध्याकाळी नको. डब्यात आधी विक्रेत्यांच्या पाट्या-बोचक्यांना जागा द्यायची, तो त्यांच्या पोटाचा डबा आहे, आपण हौसेने आलेले. हँडल वळवून सायकल भिंतीशी लावली आणि पेडल आतल्या बाजूला केलं तर कुणाच्या लुगड्याला ग्रीस लागत नाही. एवढं केलं की भाजीवाल्या मावश्या स्वतः सायकल धरून ठेवतात.

याच कर्जतहून दुसरा एक रस्ता आहे, तो छोटा पण मला फार प्रिय. कोंदिवड्याचा. उल्हासच्या वरच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्यापर्यंत. जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर. नदी इथे अगदी पोरसवदा आहे, दगडाधोंड्यांतून वाहते आणि रस्ता तिची साथ सोडत नाही. खोरं पुढे अरुंद होत जातं. वर बोरघाटातून चढणाऱ्या मालगाड्यांचा आवाज भिंतीवर आपटून खाली येतो, गाडी दिसत नाही, आवाज मात्र कितीतरी वेळ फिरत राहतो. रस्त्याला फार्महाऊसांच्या कुंपणांनी बरंच खाल्लं आहे, शनिवार संध्याकाळी गाड्यांची ये-जा असते. रविवारी सकाळी मात्र ते सगळे झोपलेले असतात आणि रस्ता तुमचा. कोंदिवड्याहून पायी चढून कोंडाण्याची लेणी बघता येतात. इसवीसनापूर्वीच्या शतकातलं कातळकाम आहे, आणि तिथल्या शिलालेखात हे काम कान्हाच्या शिष्याने, बलकाने केलं, असं कोरलेलं आहे. ज्याने काम केलं त्याचं नाव कामावर राहिलं. मी केलेल्या रस्त्यांवर असं काही लिहायची पद्धत नव्हती, असायला हवी होती, निदान दोष दायित्वाच्या काळापुरती, म्हणजे बिघाड झाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीपुरती तरी.

या रस्त्याला नवशिक्यांनी पहिली पसंती द्यावी. मुलांना घेऊन येणाऱ्यांनीही. नेरळ-कळंब-कशेळे त्यानंतर करा. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा जंगलातला रस्ताही काही जण सुचवतात. झाडी दाट आहे, सावली आहे, पण पावसाळ्यात सहलीच्या गर्दीने तो माझ्या मनातून उतरला. हिवाळ्यात चांगला. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा माथेरानचा घाट हा वेगळाच प्रकार आहे. तो फक्त चढाईचा सराव करणाऱ्यांसाठी.

सामानाचं थोडक्यात. खोऱ्यात पंक्चर होतं ते खिळ्याने नाही, काट्याने. शेताच्या कुंपणाला करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्या लावतात, छाटणीच्या दिवसांत त्या रस्त्यावर पडलेल्या असतात, आणि काटा टायरच्या आत मोडून राहतो. नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून तो काढला नाही तर पुन्हा दहा मिनिटांत हवा जाते. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे पाने जवळ असू द्या. वाटेतल्या गावांत पंक्चरवाले आहेत, पण ते मोटारसायकलचे. रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर त्यांचा पंप बसत नाही. पितळेचा एवढासा ॲडॉप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, किंमत अगदी किरकोळ. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, विशेषतः महामार्गाच्या तुकड्यावर. गतिरोधकांवर पांढरे पट्टे नाहीत, गावाची पाटी दिसली की गतिरोधक आहेच असं धरून चाला.

गुण द्यायचे तर कोंदिवड्याच्या रस्त्याला दहापैकी आठ, दहिवली-कळंबला साडेआठ, खांडसच्या फाट्याला नऊ. कळंब-कशेळे-कर्जत या महामार्गाच्या भागाला मी आज पाचच देतो. जागा आहे, उतार-चढ नीट काढलेले आहेत, पूल पक्के आहेत. फक्त दोन्ही बाजूंची साइडपट्टी लादीच्या पातळीला भरून दीड मीटर डांबरी करून दिली तर शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींना ती आपल्याआधी उपयोगी पडेल. पावसाळा उतरला की ऑक्टोबरमध्ये हे काम हाती घेता येतं. मुरूम जवळच मिळतो आणि रोलर तालुक्याला असतो.